धाकट्याचा कान

हिर्डोशी, शके १८५९, कार्तिक व. ४
भात झोडून झालं. अंगाला भाताचं कूस टोचतंय. सांजेला भोरचे मणेरचाचा आले. जाऊबाईंनी बांगड्या भरल्या. त्यांच्या टोपलीतलं माझ्या कामाचं काही नसतं, पण राजगडाखाली गुंजवण्यातही त्यांची फेरी असते, म्हणून दादाच्या घरची खबर माझ्यासाठी न विसरता आणतात.

दादाचा थोरला यशवंत नऊ वर्षांचा. चाचांची टोपली डोक्यावर घेऊन नदी उतरला. एक बांगडी फुटली नाही. चाचा म्हणाले, "पाण्यात पाय टाकतंय ते रेड्यावानी, दमानं."

धाकट्याचं विचारलं तर चाचा हसायलाच लागले. पोरगं हाकेला ओ देईना झालंय.

कार्तिक व. ५
काल दिवा गेला, अर्धंच राहिलं. झालं ते असं. पोरं त्याला चिडवत होती, दगडू दगडू म्हणून. त्यानं यशाला विचारलं, माझं नाव कुणी ठेवलं? यशानं खरं ते सांगितलं. माझं आपल्या आत्यानं, तुझं चुलत आत्यानं. तेव्हापासून ह्याचं एकच. "आत्यानं ठेवलं न्हाई, तर ते माजं न्हाई. मला अजून नावच न्हाई."

आई जेवायला हाक मारते, हा उपाशी उंबऱ्यावर बसून. बाळा म्हटलं की मगच उठतो. पाच वर्षांचं पोर. एवढा हट्ट कुणाचा घेतला? माझा असेल तर बरंच आहे.

कार्तिक व. ९
यशाच्या बारशाला त्याच्या कानात कुर्र केलं तेव्हा बायांनी माझ्या पाठीत घातलेले धपाटे अजून आठवतात. धाकट्याच्या वेळी मी गोठ्यात बसले होते. हे त्याच पावसाळ्यात गेलेले. कुंकू पुसलेल्या बाईनं पाळण्याजवळ कसं जायचं? आतलं कुर्र भिंतीपलीकडून ऐकलं.

वहिनीला बोल लावत नाही. मधलं एक तिनं पुरलं होतं. ह्याच्याकडं मरणानं बघू नये म्हणून दगडू.

माझ्या मनात दुसरं नाव होतं. कुणाला सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही. म्हणून मी आपली धाकटा म्हणते.

मार्गशीर्ष शु. ६
नाचणी दळली. बांगड्या गुंडाळलेला छापील कागद चाचांकडून मागून घेतला होता, तो वाचला. असल्याच कागदांवर अक्षरं शिकले. ह्यात आगबोटीची अर्धी गोष्ट आहे. बोट वादळात, आणि पान संपलं. पोरांना सांगताना मी ती काठाला लावीन. यशा विचारील, कशी लागली? त्याला पटेल असं उत्तर हवं.

मार्गशीर्ष व. २
चाचा परतीच्या वाटेवर आले. दादाचा निरोप, तू ये न् त्याच्या कानात दगडूच म्हण, म्हंजे भागलं. वहिनीनं काही सांगून पाठवलं नाही. यशाचा निरोप निराळा, दादाच्या पाठीमागं दिलेला. "आत्याला म्हणावं, त्याला खोटं सांगू नको."

हा मुलगा कुठून शिकला असलं बोलायला?

जाते म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "पाच वर्सांनी बारसं. पाळणा डोक्यावर नेताय का तिथंच मिळंल?" मग हसत हसत गूळ काढून दिला, लाडवाला.

उत्रोली, मार्गशीर्ष व. ५
मावसबहिणीकडं मुक्काम. पाय सुजलेत. लाडू ठीक आहेत.

माझ्या मनातलं नाव सांगितलं आणि उद्या त्याला ताप भरला, तर वहिनी माझ्याकडं बघेल. बोलायची नाही, नुसती बघेल. आणि मी स्वतःकडं...

दगडू म्हटलं तर तो घेईल. मी सांगितलं म्हणून जन्मभर घेईल. तेच नको वाटतं.

गुंजवणे, मार्गशीर्ष व. ७
काल पोचले. दोघं नदीवर उभे होते. यशानं बोचकं घेतलं. केवढा झालाय. पुढं चालताना पाण्यातला निसरडा दगड दिसला की थांबायचा, मी पाय टाकेपर्यंत. सांगायचा काही नाही.

धाकट्यानं पायबिय काही धरले नाहीत. माझ्यासमोर आला, मान वाकडी केली आणि कान पुढं केला. मी लुगड्याचा ओला काठ पिळत राहिले. यशाच म्हणाला, "आरं, तिचं पाय भिजल्यात. दम धर की." त्यानं धरला. रात्री बोटीची गोष्ट ऐकली, एकदाही विचारलं नाही.

आज दुपारी वहिनी न् मी उखळावर. ती कांडते, मी पाखडते. मग खाली बघतच म्हणाली,

"वन्सं, तवा तुमच्या मनात काय नाव व्हतं?"

पाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हळूच सांगितलं. तिचं मुसळ थांबलं. ते नाव एकदा पुटपुटली. मग जरा मोठ्यानं, अंगणात पोराला हाक मारावी तसं, पण घरातल्या घरात. डोळ्याला पदर लावला.

"म्या भ्याले व्हते वो," म्हणाली. मी म्हटलं, मीही भिते.

"आज सांजच्याला ह्यास्नी इचारते. मग बगू."

आता सांज झाली. दादा रानातून आलाय, आत दोघं बोलतायत, हळू. मी ओट्यावर लिहितेय. धाकटा उंबऱ्यावर बसलाय, माझ्याकडं बघत नाही. यशा येऊन सांगून गेला की तो मघाशी नदीवर गेला होता, कान धुऊन आलाय.