कान न टोचलेला नातू

सातारा, ६ फेब्रुवारी १९४६

थकलो आज. नातवाचे कान टोचायला सोनार आला. हिने बाळी ठेवून घेतली आणि त्याला दारातूनच परत पाठवले. आमचा मधू दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला. हिचा भाऊही तसाच. डॉक्टर सांगतात, हा दोष आईकडून मुलाकडे जातो. आई स्वतः धडधाकट असते.

वडूजच्या विहीणबाई चिडतील असे वाटले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "बुच्या कानांचा ऱ्हाऊं द्या, पर जगूं द्या."

लेकीने विचारले, "बाबा, मीच दिलं का हे त्याला?"

"तू नव्हे, मी," ही मध्येच म्हणाली.

पण त्याला ते आहे का? रक्त आल्याशिवाय कळणार कसे? बाळी फळीवर तशीच पडली आहे. पुढल्या महिन्यात तो रांगू लागेल.