पंपामागचा कोपरा

बाबा, गेल्या आठवड्यात तुमचा कोपरा खोदून काढला. पंपाच्या मागे, कडुलिंबाच्या पलीकडे, जिथं तुम्ही रोज सकाळी जारमधलं पेट्रोल ओतायचात, तिथं बैलगाडी मावेल एवढा खड्डा झाला होता. माती काळी निघेपर्यंत खोदलं, मग मुरूम लागला, त्यालाही वास येत होता म्हणून मजूर अजून खाली गेले. ती सगळी माती पिंपांत भरून, झाकणं लावून, अशा मातीवर प्रक्रिया करतात तिथं पाठवली. परवा नवीन माती आणून खड्डा बुजवला. आज सकाळी कामावर गेलो तेव्हा सवयीनं पाय तिकडंच वळले, आणि रिकामा जार हातात धरून मी तिथं उभा राहिलो. तेव्हा ठरवलं की तुम्हाला सगळं नीट, पहिल्यापासून लिहायचं.

तुमची सकाळ मला पाठ आहे. पंप उघडायच्या आधी तुम्ही नोझलमधून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या उभ्या जारमध्ये घ्यायचात. त्यात हायड्रोमीटर सोडायचात, थर्मामीटर सोडायचात, दोन्ही स्थिर होईपर्यंत श्वासही हळू घ्यायचात, आणि तक्ता बघून डेन्सिटी काढायचात. टँकरसोबत आलेल्या कागदावरच्या आकड्याशी ती जुळली, की माल शुद्ध. मग आकडा फळ्यावर. हे सगळ्याच पंपांवर करावं लागतं. पण तपासून झाल्यावर जारमधलं पेट्रोल परत जमिनीखालच्या टाकीत ओतायचं असतं, ते तुम्ही कधी ओतलं नाही. दूधवाले सकाळी सहापासून रांगेत उभे असायचे. “झाकन उघडून टाकीत कायतरी ओततांना लोकाईनं पाह्यलं,” तुम्ही म्हणायचात, “तं दुपारपर्यंत धामणगावात होईन का हा रॉकेल मिसळते.” घरी नेलं असतं तर ती चोरी झाली असती. म्हणून तुम्ही जार दोन्ही हातांनी धरून, सगळ्यांच्या देखत मागं जायचात आणि कोपऱ्यात रिकामा करायचात. लोक ते बघायचे. रोहिणखेडचे शेतकरी वाटेतला दुसरा पंप सोडून आपल्याकडं यायचे, ते त्या जारमुळंच. कोपऱ्यात गवताचं पातं उगवत नव्हतं. तुम्ही ते कौतुकानं दाखवायचात, म्हणायचात की निदान इथं साप तरी लपणार नाही.

घरी आलात की आई तुम्हाला हात धुतल्याशिवाय गॅसपाशी येऊ द्यायची नाही. एखाद्या दिवशी भडका होईल, म्हणायची. तुम्ही राखेनं कोपरापर्यंत हात घासायचात आणि तिच्या नाकापुढं धरायचात. ती भाकरी थापता थापता मान मागं घ्यायची आणि म्हणायची, अजून येऊन राह्यला वास. मग तुम्ही पुन्हा घासायचात. वास गेलेला असायचा, हे तिलाही माहीत होतं. मला आता वाटतं की तुम्हा दोघांचं दिवसातलं सगळ्यात निवांत बोलणं तेवढंच असायचं.

अकरावीत असताना मी मित्रासोबत त्याची मोटारसायकल घेऊन पंपावर आलो होतो, ती सकाळ तुम्ही विसरला नसाल. गाडी ढकलतच आणली होती. आमच्या दोघांच्या खिशात काही नव्हतं. तुम्ही जार घेऊन मागं निघालात, आणि मी म्हणालो, बाबा, ते आम्हाला द्या, तसंही फेकूनच देता ना. तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता देणार. तुम्ही म्हणालात, “फेकतो ना, म्हनूनच तुले नाई देत.” मग कोपऱ्यात जाऊन, आम्हा दोघांकडं बघत, हळूहळू ओतलंत. माझे कान तापले होते. मित्र तोंड वळवून हसत होता. पण जार धुऊन जागेवर ठेवल्यावर तुम्ही गाडी पुढं घ्यायला सांगितली आणि स्वतःच्या पैशानं अर्धा लिटर भरून दिलंत. जाताना मित्र म्हणाला, “तुहा बाप येडा हाये बे.” मला तेव्हा तुमचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता. आधी कोणता, ते सांगता येणार नाही.

त्याच वर्षी पोळा झाल्यावर तुम्ही गेलात. माझी अकरावी राहिली. अठरा पूर्ण झाल्यावर मालकांनी मला तुमच्या जागेवर घेतलं, आणि पहिल्या दिवशी मी तुम्ही करायचात तेच केलं. जार घेतला, आकडा काढला, फळ्यावर लिहिला, मागं जाऊन कोपऱ्यात ओतलं. पुढं मी रांग लागायच्या आधीच येऊन हे उरकायचो, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. तुम्ही एकोणीस वर्षं, मी दहा.

आता पंप तुम्ही ओळखणार नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, त्यातलं काही मक्यापासून केलेलं. मोताळ्याकडचे शेतकरी टाकी भरताना म्हणतात, आमचाच मका आम्हाले पाजून राह्यले. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकीत किती माल आहे ते मोजायची डिपची काठी सोडताना तिला पाणी ओळखणारी पेस्ट लावून मी दोनदा बघतो, आणि झाकण बसलं का ते तीनदा. वरच्या पत्र्यावर सोलर आहे. टाकीतून निघणारी वाफ हवेत जाऊ नये म्हणून टँकर खाली करताना वेगळा पाइप जोडतात. आधी सगळ्यांनी नावं ठेवली की सरकारला वाफेचंही पडलं आहे. पण टँकर आला की माझं डोकं दुखायचं, ते आता दुखत नाही. तुमचंही दुखायचं. तुम्ही ते उन्हावर ढकलायचात.

नवीन नियमांत असंही आहे की टाकीच्या आजूबाजूची माती आणि पाणी तपासायचं. त्यासाठी एक मॅडम आल्या, माझ्याच वयाच्या असतील, पायांत जाड बूट. त्यांनी तीन ठिकाणी हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोकं पाडली. दोन ठिकाणची माती साधी निघाली. तिसऱ्या ठिकाणची त्यांनी काचेच्या बाटलीत भरली, थोड्या वेळानं झाकण उघडून वास घेतला आणि बाटली सोबत आलेल्या तेल कंपनीच्या साहेबांपुढं धरली. साहेबांचा चेहरा उतरला. मॅडमनी विचारलं, इथं काही सांडतं का? मालक नाही म्हणाले. साहेब नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो, बाबा. कोणी माझ्याकडं बघतही नव्हतं, तरी म्हणालो. मग साहेबांनी समजावून सांगितलं की काही सांडत नसेल तर टाकी गळते आहे. टाकी रिकामी करून उकरून काढावी लागेल, आणि तोपर्यंत पंप बंद. खुलासा द्यायला चार दिवस आहेत.

मालक आता थकले आहेत. त्यांची मुलं पुण्यात आहेत आणि पंपात त्यांना रस नाही. मॅडम गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “टाकी उकरायची ताकद माह्यात नाई राह्यली. लायसन वापस करून टाकतो.” आम्ही अकराजण आहोत. टाकी गळत नाही हे त्या वेळी तिथं मला एकट्याला माहीत होतं. मी रोज डिप घेतो, खाली काही कमी होत नाही. आणि तिसरं भोक कुठं पाडलं होतं ते मी पाहिलं होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मी सांगितलं तर पंप वाचेल, पण मी दहा वर्षं काय केलं तेही कळेल, आणि त्यानंतर मला कोण ठेवेल? शिवाय तुमचं काय? या भागात तुमचं नाव आजही त्या जारमुळं घेतात. तिसऱ्या दिवशी मी स्वतः लिहिलेला खुलासा मालकांच्या हातात दिला. तुम्ही काय करायचात, का करायचात, तुमच्यानंतर मी काय केलं, सगळं दीड पानात. मालकांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. शेवटी ते म्हणाले, “तुह्या बापाले मी दहा खेपा सांगतलं, वापस टाकत जा टाकीत. थो म्हने, लोकं पाह्यतात. मंग मीच सोडून देल्लं. मले काय मालूम, तू बी तेच करून राह्यला.” मी विचारलं, मी उद्यापासून येऊ का? ते म्हणाले, “नाई आला तं डेन्सिटी कोन पाह्यन?”

मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना कोपऱ्यात नेलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी जार मागितला, तुम्ही धरायचात तसा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं की रोज एवढं? मी म्हणालो, रोज. एकही सुट्टी नाही? मी म्हणालो, दिवाळीलाही नाही. त्यांनी जार मला परत दिला. मग म्हणाल्या, “अशी प्रामाणिक गळती मी पहिल्यांदाच बघते आहे.” मला हसू आलं आणि भीतीही वाटली. टाकीत दाब भरून तपासणी झाली. दाब हलला नाही. मागच्या वावरात काकू मेथी-वांगी करतात, त्यांच्या विहिरीचं पाणीही तपासलं. निकाल येईपर्यंत मी त्यांच्या वावराच्या धुऱ्यावरून गेलो नाही. पाणी स्वच्छ निघालं. पण मॅडमनी उतार दाखवला. अजून काही वर्षं असंच चाललं असतं तर ते पेट्रोल तिथंच, विहिरीत पोचलं असतं, म्हणाल्या. बाबा, या एका वाक्यावर मी अजून अडतो. काकूंची वांगी आपण मी लहान असल्यापासून खातो. तुम्हाला हे कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही जार डोक्यावर ओतून घेतला असता, पण जमिनीत ओतला नसता, एवढं मला पक्कं माहीत आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. तेव्हा कोणाला माहीतही नव्हतं.

पंप सगळा मिळून सहा दिवस बंद राहिला. मला लेखी समज मिळाली, मालकांना दंड झाला. ते त्यावर एकदाही बोलले नाहीत. आता मी जारमधलं पेट्रोल जाळीच्या नरसाळ्यातून परत टाकीत ओततो, सगळ्यांसमोर, सकाळच्या गर्दीत. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणायचात तसं झालं. रोहिणखेडचे एक काका गाडीवरूनच म्हणाले, “काय मिसळून राह्यला बे?” मी सांगितलं, काही नाही काका, आत्ता काढलेलं तेच परत टाकतो आहे. ते म्हणाले, “तुहा बाप तं मांगं जाऊन फेके.” तीन-चार गाड्या उभ्या होत्या. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, “बाबाचं चुकत होतं, काका.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. काकांनी थोडा विचार केला. “चुकत असन,” ते म्हणाले. “मी तं त्याच्याच भरोशावर आलो ना इतकी वर्षं. चाल, टाकी फुल कर.” मी फुल केली. ते गेल्यावर मला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तेव्हा इकडं सगळं बरं आहे. नोकरी आहे, आईची तब्येत चांगली आहे, मालकांनी लायसन परत करण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. कोपऱ्यातल्या नव्या मातीत काही उगवतं का, ते बघायला मॅडम पावसाळ्यानंतर येणार आहेत. पंपावर सगळे म्हणतात की बापाचं आणि स्वतःचं दोघांचंही लिहिलं, हिंमत केली. मी ऐकून घेतो.

पण तुम्हाला खरं सांगायला हवं. खुलासा मी दोनदा लिहिला. पहिला कागद मी घरी, आई भाकरी करत होती तेव्हा तिच्याजवळ बसून लिहिला, आणि त्यात फक्त तुम्ही होतात. माझ्या वडिलांनी ओतलं, त्यांच्यानंतर ते बंद झालं, असं लिहिलं. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही, हा विचार मी केला होता. आईला वाचता येत नाही. रेशनकार्डावर बघून बघून तिला आपल्या तिघांची नावं तेवढी ओळखू येतात. तिनं पिठाचा हात मागं धरून कागदावर वाकून पाहिलं, दुसऱ्या हातानं तुमचं नाव दाखवलं आणि म्हणाली, “याच्यात याईचं नाव दिसते. तुहं कुठी हाये?” मी म्हणालो, अजून लिहायचं राहिलं आहे. राहिलं नव्हतं, बाबा. खाली तारीखसुद्धा टाकून झाली होती.