देवाला सांगितलेलं

एस्तेर, माझ्या पुट्टी,

ओट्यावर भात आणि सारू झाकून ठेवलंय. गरम करून जेव, माझी वाट बघू नकोस. मेटगळ्ळीच्या कारखान्यातून यायला मला रात्रीचे अकरा वाजतील.

मागच्या महिन्यात सकाळच्या प्रार्थनेत तू गणिताच्या पेपरात कॉपी केल्याची देवाकडे क्षमा मागितलीस, आणि मी तडक शाळेत जाऊन तुझ्या बाईंना सांगितलं. मुलीला सरळ वळण लावतोय, असं वाटलं मला. तेव्हापासून तू प्रार्थनेला बसतेस, पण नुसतं 'आमेन' म्हणतेस. एवढ्याशा घरात मी एकटाच मोठ्याने बोलत राहतो.

ते तू देवाला सांगितलं होतंस. मी मध्ये पडायला नको होतं. चुकलो.

आता माझंही ऐक. दुपारची पाळी कारखान्याने लावली, असं तुला सांगितलं ते खोटं. ती मीच मागून घेतली. तुझी आई गेल्यावर संध्याकाळी या घरात मला बसवेना. तू इथे एकटी बसशील हे ठाऊक असून मागितली.

हे मी अजून देवालाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतोय.

पप्पा