जॉर्ज नावाचा अर्थ

रविवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज बोललो शेवटी. कापूस दलाल वसंतरावांच्या नातवाचं बारसं होतं. याच माणसानं तीन वर्षांपूर्वी पाच माणसांसमोर माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ नाकारलं होतं. "कास्तकाराच्या घरी पोरगी देत नाही." मग त्यांची ती मुलगी, शुभांगी, नागपूरच्या एका केरळी ख्रिस्ती इंजिनिअरला दिली. त्यांच्यात पहिल्या नातवाला वडिलांकडच्या आजोबांचंच नाव ठेवतात, म्हणून हा जॉर्ज.

"राजाचं नाव हाय," वसंतराव ज्याला त्याला सांगत होते.

मी आठवडाभर तयारीत होतो. दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरला विचारून ठेवलं होतं. मूळ नाव ग्रीक. 'गे' म्हणजे जमीन, 'एर्गॉन' म्हणजे काम. ग्रीसमध्ये योर्गोस, रशियात युरी, केरळात वर्गीस. एवढं मनात धरावं काय माणसानं? धरलं.

केरळच्या आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, तशी बिचारी दचकलीच. तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "वसंतभाऊ, जॉर्ज म्हंजे कास्तकार!"

"मंग याले पोरगी कोन देईन?" कुणीतरी ओरडलं. सगळे खदखदून हसले. पाच नाही, पन्नास माणसांसमोर वसंतरावांची मान खाली गेली. गोड वाटलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, पण क्षमा मागितली नाही.

मुलाला सगळं रंगवून सांगितलं. तो हसला नाही.

"बाबा, शुभांगी खुश दिसली काय?"

"दिसली," म्हणालो. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.