खणातला फोन

प्रिय हनादी,

तुझ्या हट्टापायी त्या ऑनलाइन समुपदेशक बाईंचा अर्ज भरला एकदाचा. आता तरी खूश? मंगळवारी साडेपाचची वेळ घेतलीय, कारण आपल्या गल्लीचा जनरेटर पाचला सुरू होतो. बोलताना खोलीचं दार बंद असावं, असा नियम आहे. माझं दार उघडायला येतंय कोण? झोप लागते का, असंही विचारलंय. मी लिहिलं, भरपूर, दिवसासुद्धा.

अडलं एकाच रकान्यात. अडचणीच्या वेळी अर्ध्या तासात पोचेल अशा माणसाचा नंबर हवा होता. बैरूतमध्ये आपलं उरलंय कोण? मामा गेला, रीमा दुबईला, तू माँट्रियलला. शेवटी तुझाच इथला जुना नंबर लिहिला. तू टाकून गेलेला तो फोन मी अजून रोज चार्ज करते.

काल बाईंनी खात्री करायला त्यावर फोन केला आणि तो माझ्याच खणात वाजला. फोनवर आपल्या आवाजात आईचीसुद्धा गफलत व्हायची. मी तू झाले.

"बहीण ना तुम्ही? जवळच राहता?"

"हो, पलीकडच्याच गल्लीत."

"छान. म्हणजे वाईट वेळ आली तर ती तुम्हाला हाक मारेल?"

तिथे मात्र खोटं बोलता आलं नाही. तुझ्या आवाजात मी म्हणाले, "नाही हो बाई. ती कुणालाच हाक मारत नाही."

हे पत्र त्याच खणात ठेवतेय, फोनच्या खाली.

तुझी,
लमीस