एकतीस चालू कुलपे

मी खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कुलूपदुरुस्ती, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी आजच तपासले. त्यानंतर काही बिघडले असल्यास मला कल्पना नाही. दबाव कोणाचाही नाही. धास्ती मात्र आहे.

१. दुकान, मागचे घर आणि सर्व हत्यारे 'कानस' हिला. जीभ लोखंड घासायच्या कानशीसारखीच असल्यामुळे हे नाव माझ्या बायकोने ठेवले. कायद्याने ती माझी कोणी नाही, हे मला ठाऊक आहे; पुतण्याने आठवण करून देण्याची तसदी घेऊ नये.

२. कोणी का नाही, तेही लिहून ठेवतो. ती बालगृहात अकरा वर्षांची असताना आम्ही नवराबायकोने तिला दत्तक मागितले. तपासणीच्या साहेबांनी आमची खिडकी मोजली. लहान भरली. भिंत फोडून मोठी केली, तोवर आमची वये मोठी भरली. अर्ज सात वर्षे विचाराधीन होता. एवढा विचार साहेबांनी स्वतःच्या लग्नाचाही केला नसेल. शेवटी पत्र आले: मुलगी सज्ञान झाली, सबब प्रकरण बंद.

त्याच दिवशी बालगृहाचा निरोप आला, कुलूप बदलायचे आहे. तिथली रीतच ती. मोठ्या मुलांकडे दाराची किल्ली असे. अठरा पूर्ण झालेले मूल बाहेर पडले की कुलूप बदलायचे, म्हणजे ते परत यायला नको. हे काम वर्षानुवर्षे मीच केले. त्या दिवशीही केले. मी नाही तर दुसरा कोणी गेला असता, असे बायकोला सांगितले. तिने त्या कामाची मजुरी घरात घेतली नाही.

कानस पिशवी घेऊन पायरीवर बसली होती.

"काका, जुनं बिघडलं होतं का?"

"नाही गं."

"मग माझी किल्ली आता कशाला लागते?"

"कशालाच नाही."

"वा! निरोपाचा आहेर छान दिला. चला, आता ही लागेल असं एखादं कुलूप दाखवा."

मी तिची पिशवी उचलली आणि तिला घरी आणले. तेवढेच एक काम मी अर्ज न करता केले.

३. बालगृहाला: मी काढलेली एकतीस कुलपे, पोत्यासकट. एकही बिघडलेले नाही.

४. साहेबांना: जुनी लहान खिडकी, चौकटीसह. निवृत्तीनंतर मोजायला काहीतरी हवे.

५. पुतण्याला: माझी छत्री. ती अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे.

६. मागच्या घरातली एक खोली कानसने बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवावी. काम मिळेपर्यंत राहावे. काम मिळाले म्हणून लगेच हाकलू नये. अर्ज घेऊ नये. खिडकी कोणाला मोजू देऊ नये.

७. हे कलम मी तीनदा तपासले आहे. बालगृहातून येऊन आजवर इथे राहून गेलेल्या सहा जणांकडे या घराच्या किल्ल्या आहेत. मी गेल्यावर शहाणी माणसे सांगतील, आता कुलूप बदला. बदलू नये. बिघडले तर दुरुस्त करावे. पण किल्ली तीच लागली पाहिजे.

सही: कुलूपवाला
साक्षीदार: शेजारचा शिंपी (पाचव्या कलमाला हसला, पण सही सरळ केली)
साक्षीदार: डॉक्टर (शुद्धीची खात्री देतात, स्वभावाची नाही)
ठिकाण: दुकानामागची खोली, मोठ्या खिडकीजवळ
तारीख: तीन मार्च, कानसचा वाढदिवस