लाल पट्टी मी काढली होती

प्रिय बाबा,

आज सकाळी बाळकुमच्या मैदानात तुझं रिमोटचं हेलिकॉप्टर उडवलं. घरी येऊन दोन तास झाले. आत्ता नाही लिहिलं तर पुन्हा तोंड मिटून बसेन, आणि त्यात मी किती पटाईत आहे ते मलाच माहीत.

आधी सांगूनच टाकते. ती लाल पट्टी मी काढली होती.

तुझ्या या हेलिकॉप्टरला एक पंखा पुढे, एक मागे. शेपूट नाही. लांब गेलं की तोंड कुठलं आणि पाठ कुठली, कळत नाही. आणि तोंड आपल्याकडे असलं की रिमोटवर डावं-उजवं उलटं होतं. म्हणून तू पुढच्या पंख्याच्या खांबाला वायरमनची लाल चिकटपट्टी गुंडाळायचास. किती बेढब दिसायची ती! खंडेनवमीला आईची शिलाई मशीन, तुझी स्कूटर, पक्कड-पाने, सगळं पुसायचं काम माझ्याकडे. पूजेत हेलिकॉप्टर चकाचक दिसावं म्हणून मी पट्टी सोलली, थिनरने डाग घालवला आणि तिथे झेंडूची माळ घातली. नवी पट्टी लावायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. मैदानात तुझ्या मॉडेल उडवणाऱ्या क्लबमधले सगळे जमलेले. तू घाईत माळ काढलीस आणि उडवलंस. का नाही रे एकदा बघितलंस? एरवी चार-चार वेळा तपासायचास. ते लांब गेलं, वळलं, तू उजवीकडे घ्यायला गेलास आणि ते डावीकडे जाऊन कुंपणाच्या भिंतीवर आपटलं.

"नजर गेली माझी," एवढंच म्हणालास. कुणीतरी हसत म्हणालं, "काका, आता कॅरम खेळा." मी शेजारीच उभी होते. तुझ्याबरोबर तुकडे वेचले, पण बोलले नाही.

नंबर तोच आहे, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगूनही तुझा विश्वास बसला नाही. स्कूटर चालवणं सोडलंस. वर्षभर खपून हेलिकॉप्टर पुन्हा जोडलंस, नवी पट्टी लावलीस आणि कपाटावर ठेवून दिलंस. मी आपली उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. आणि मग तू गेलासच.

सहा महिने माझ्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटरवर उडवायचा सराव केला. आज सोबत फक्त नारायणभाऊ होते, तुझे दोस्त, त्या मैदानाचे मालक. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग वाऱ्याने हेलिकॉप्टर नव्या टॉवरकडे सरकलं. समोरून ऊन. पट्टी लाल की काळी, काही दिसेना. खाली टॉवरच्या बागेत पोरं झोके घेत होती. तोंड कुठे आहे याचं?

"घाबरू नको गो," भाऊ हळूच म्हणाले.

मी स्टिक किंचित पुढे ढकलली. ते आणखी लांब गेलं. म्हणजे तोंड पलीकडे. मग थोडं थोडं मागे ओढत आणलं, उतरवलं आणि तिथेच मातीत बसले.

भाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पट्टी असती तरी त्याला दिसली नसती गो. आज तुला तरी दिसली का? कशाला जीवाला लावून घेतंस?"

खरंही असेल. त्या दिवशीही ऊन असंच होतं. पण बाबा, मला एवढ्यावर सुटायचं नाहीये. पट्टीने हेलिकॉप्टर वाचलं असतं की नाही, कुणास ठाऊक. पण मी त्याच संध्याकाळी बोलले असते, तर तू स्वतःला म्हातारा समजला नसतास. शेवटची दोन वर्षं तू उडवत राहिला असतास. ती मी खाल्ली.

पुढच्या रविवारी क्लब जमणार आहे. आईलाही नेते. काही उडवायच्या आधी सगळ्यांसमोर सांगेन, की बाबांची नजर शेवटपर्यंत चांगली होती आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आई काही दिवस माझ्याशी बोलणार नाही. चालेल.

तुझी,
मुक्ता